खिशातला कांदा

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाडीच्या रस्त्यावर माझी सायकल घसरली आणि उभ्या ट्रकच्या फाळक्यावर डोकं आपटलं. टाके पडले, टाके निघाले, वरून केसही आले. झोप मात्र जी गेली ती गेली.

ऐन मे महिना होता. नागपुरात मे महिन्यात माणसाला काहीही होवो, त्याला ऊनच लागलेलं असतं. आईने तेच ठरवलं. कैरीचं पन्हं, तळपायांना कांद्याचा रस, आणि बाहेर निघालो की खिशात कांदा. मीही मान डोलावली. डोकं बिघडलं म्हणवून घेण्यापेक्षा ऊन लागलेलं काय वाईट? रात्रभर टक्क जागा, आणि दिवसा ताटावर बसल्या बसल्या डुलक्या. साधी वाटी पडली तरी डोकं सणकायचं. एकदा पोरीच्या हातून पाणी सांडलं, तर मी असा ओरडलो की ती पळत जाऊन आजीमागे लपली. तेव्हापासून ती माझ्याजवळ येईना.

हिंगण्याच्या कारखान्यात मी प्रेस मशीन चालवायचो. परत मशीनवर घ्यायचं की नाही, हे तिथले डॉक्टर ठरवणार होते. बायको हट्टाने सोबत आली. डॉक्टरांनी झोपेचं विचारलं. झोप एकदम छान, थोडं ऊन लागलं होतं इतकंच, असं मी ठोकून दिलं. परक्या माणसासमोर कधी तोंड न उघडणारी बायको बोलली, "खोटं बोलून राहिले हे. हे झोपतच नाहीत. मशीनमध्ये हात गेला तर मी काय करू?"

माझं टाळकंच फिरलं. गप बस म्हणत मी टेबलावर अशी मूठ आपटली की औषधाची बाटली खाली पडून फुटली. डॉक्टर जराही चिडले नाहीत. हे ऊन नव्हे, म्हणाले. मेंदूला मार बसला की झोप जाते, माणूस असा भडकतो, मोठ्या दवाखान्यात दाखवा. तोवर मशीन बंद.

बसथांब्यावर मी तिच्याकडे पाठ करून उभा राहिलो. माझी नोकरी हिनेच घालवली, हेच डोक्यात घोळत होतं. मग हाताकडे लक्ष गेलं. मूठ अजून वळलेलीच होती.

"मले माझंच भेव वाटते वं," मी म्हणालो, आणि भर रस्त्यात मला रडू फुटलं.

तिने माझ्या खिशातला कांदा काढला आणि दूर भिरकावला.

"आईले मी सांगते," ती म्हणाली. "तुम्ही पोरीले सांगा."