पेटीतली चिठ्ठी

आमच्या नागपूरच्या ख्रिस्ती मंडळीत दाराशी एक लाकडी पेटी आहे. ज्याला प्रार्थना हवी त्याने तिच्यात चिठ्ठी टाकायची आणि रविवारच्या उपासनेत मी, म्हणजे पाळकाने, ती वाचून देवापुढे ठेवायची. गेल्या वर्षी लागोपाठ तीन रविवार वेड्यावाकड्या अक्षरातली, एकाच मजकुराची चिठ्ठी निघाली: ‘आमच्या पाळकांसाठी प्रार्थना करा. ते एकटे पडले आहेत.’ खाली सही नाही. तिन्ही वेळा मी ती मोठ्याने न वाचता खिशात घातली.

मला तो टोमणाच वाटला. तरुण मुलं बँड आणि मोठा पडदा असलेल्या दुसऱ्या प्रार्थनासभेकडे निघून गेली होती, आणि मला ठेवायचं की बदलायचं हे मंडळीची पंचकमिटी महिनाअखेरीस ठरवणार होती. माझा सगळा संशय कमिटीच्या चिटणीसांवर. ते हसून नमस्कार करायचे, तेही मला खटकायचं. ओळखू येऊ नये म्हणून ते डाव्या हाताने लिहीत असतील, इथवर माझी मजल गेली. शेवटी सभासदांची यादी नवी करायची आहे असं सांगून मी प्रत्येकाला स्वतःच्या हाताने फॉर्म भरायला लावला आणि घरी बसून अक्षरं ताडून पाहिली. हे लिहिताना आजही लाज वाटते.

चिटणीसांचं अक्षर जुळलं नाही. जुळलं ते कळमेश्वरच्या एका म्हाताऱ्या सभासदाचं. कारखान्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ पाय मोडल्यापासून अंथरुणावर होते. त्यांचा फॉर्म सुनेने घरी नेऊन त्यांच्याच हातून भरून आणला होता. आजाऱ्यांमध्ये त्यांचं नाव मी दर रविवारी वाचायचो, पण आठ महिन्यांत त्यांच्या घरी एकदाही गेलो नव्हतो. आता मात्र लगेच स्कूटर काढली. यांना कोणी फितवलं, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं.

बसायच्या आधीच मी चिठ्ठ्या पुढे धरल्या. “हे तुमच्याकडून कोण लिहून घेतं?”

“कोनी नाही जी, मीच लिहून राहिलो. सून टाकते पेटीत. काहून, चुकलं काय?” ते म्हणाले. “मोबाईलवर उपासना पाहतो मी. पहिले बिमाराचं नाव घेतलं का तुमी जरा थांबत होते. आता भरभर वाचून टाकता. मले वाटलं, पाळकसाहेबाले काहीतरी झालं. तुमी साऱ्याईसाठी देवाजवळ मांगता, तुमच्यासाठी कोन मांगते?”

मी खाटेशेजारी खाली बसलो. त्यांनी हात माझ्या डोक्यावर ठेवला, प्रभूजवळ माझं नाव घेतलं आणि थांबले. बराच वेळ थांबले. इतकी वर्षं मी लोकांच्या डोक्यावर हात ठेवत आलो होतो. माझ्या डोक्यावर कोणी ठेवला नव्हता. मला रडू आवरेना. मी तिथे काही भक्तीने गेलो नव्हतो, चोर पकडायला गेलो होतो. प्रभूने मला त्याच वाटेने तिथवर नेलं, याचे आभार कसे मानावेत ते मला अजून कळत नाही.

पुढचा रविवार आला तेव्हा कमिटीची बैठक अजून व्हायची होती. आजाऱ्यांची नावं घेताना मी प्रत्येक नावाशी थांबलो, मग खिशातली चिठ्ठी काढून मोठ्याने वाचली. पहिलं ‘आमेन’ आलं ते चिटणीसांचं. ते मनापासून होतं की नाही, हे मी ताडून पाहिलं नाही.