शेंदराखालचा गोळा

आमच्या बांधावर एका आठवड्यात देव उगवला. मागच्या शनिवारी नव्हता, ह्या शनिवारी गेले तर होता. शेंदूर फासलेला, पुढं लिंबू, नारळाची करवंटी आणि अगरबत्तीची राख.

मी बदनापूरला शाळेत इतिहास शिकवते. शनिवारी शाळा सुटली की भोकरदनकडची गाडी धरते आणि मायकडं जाते. वडील गेल्यापासून माय एकटीच रान करते. "हे काय गं?" मी विचारलं, तर माय म्हणाली, "शेजाऱ्याचा म्हसोबा. त्याच्या आज्याच्या काळापासून हितंच हाय म्हणतो. आता देवाला वाट पाहिजे, वर पत्रे पाहिजेत. विहिरीपर्यंतचा पट्टा सोडा म्हणून राह्यला."

माझं डोकंच सणकलं. तो पट्टा गेला म्हणजे विहिरीवर जायची वाटच गेली, आणि विहीर गेली की रानात राहतं काय? छप्पन साली बौद्ध झाल्यावर आमच्या आज्यानं घरातले देव ओढ्यात सोडले. आणि आता दुसऱ्याचा देव आमच्या बांधावर येऊन जागा मागतो? वा रे वा!

"तू गप बसलीस?"

"गप कशाला बसू? भांडले की. तर म्हणतो, वहिनी, देवाशी वैर घेऊ नका, घरादाराला भोवंल. सगळं गाव त्याच्याच बाजूनं माना डोलवतंय."

आमचं रान असईच्या अंगाला आहे. जुई आणि केळणा ह्या दोन नद्यांच्या बेचक्यात इंग्रजांची आणि मराठ्यांची मोठी लढाई झाली होती. त्या लढाईचं सामान अजून आमच्या ढेकळांतून वर येतं. खुरपताना शिशाच्या गोळ्या सापडायच्या. बायका त्या पदराच्या ओट्यात टाकायच्या आणि नदीवरच्या भोयांना द्यायच्या. ते जाळ्याच्या कडेला वजन म्हणून लावायचे. बदल्यात मासे. अशी लढाई आम्ही कैकदा कालवण करून खाल्लीय. शिसं कसं ओळखायचं ते मी लहानपणीच शिकले: वर पांढुरकी साय, हाताला भलतंच जड, कागदावर घासलं की करडी रेघ उठते. एखादी गोळी चपटलेली निघाली की समजायचं, ही कशाला तरी लागली होती. कशाला, ते माय सांगायची नाही.

तर हा देव. मी उकिडवी बसून नीट पाहिला. आमच्या काळ्या रानातला दगड इतका वाटोळा नसतो. फुटक्या रेडिओतलं लोहचुंबक घरात पडलं होतं, ते आणून लावलं. टक्कन चिकटलं.

"माय, हा देव लोखंडाचा आहे."

"मंग?"

"मंग काय मंग! तोफेचा गोळा आहे हा."

अमावास्येला शेजाऱ्यानं नैवेद्य ठेवला आणि चार माणसं बोलावली. मी शाळेला रजा टाकून गेले. रॉकेलची बाटली आणि चिंधी घेऊन सगळ्यांसमोर बांधावर बसले. शेजारी ओरडला, "ए बाई, हात लावू नको! वंश बुडंल!"

"काका, बुडला तर माझा बुडंल. तुम्ही बिलकुल काळजी करू नका."

खोटं कशाला सांगू, मला शापाचं भ्या नव्हतं, माणसांचं होतं. पण हात थांबवला नाही. जुन्या देवावर शेंदराची पुटं चढतात. दर सणाला एक, त्याच्यावर आणखी एक, अशी वर्षानुवर्षं. शेवटी त्यांची टोपीसारखी जाड खपली होते आणि आपोआप गळून पडते. इथं चिंधीच्या दोन फटक्यांत खालचा गंज दिसला. एकच पूट! आणि त्या गंजात लखलखीत ओरखडा, ताजा, ट्रॅक्टरच्या फाळाचा. पोटावरून साच्याच्या जोडाची बारीक धार गोल फिरलेली.

मी गोळा दोन्ही हातांनी उचलून त्या माणसांपुढं धरला. "बघा. तोफेचा गोळा हा, साच्यात ओतलेला. आधी फाळ लागलाय, मग शेंदूर. ह्या उन्हाळ्यात नांगरटीत निघाला आणि कुणीतरी इथं आणून बसवला. आज्याच्या काळात ट्रॅक्टर होता का, काका?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. शेजाऱ्यानं नैवेद्याचं ताट उचललं आणि तरातरा निघून गेला. मला असा आनंद झाला की काय सांगू! मायनं माझ्या हातावरचा शेंदूर पदरानं पुसला.

पुढच्या शनिवारी घरी पोचते तर अंगणात ही गर्दी. सरपंच, गावातली शहाणी मंडळी, हातात हार. आणि सगळ्यांत पुढं शेजारी! सरपंच म्हणाले, "मॅडम, तुमच्यामुळं गावाचा इतिहास उजेडात आला. गोळा निघाला त्या जागी चौथरा बांधू, झेंडा लावू. लोक बघायला येतील. तेवढा विहिरीपर्यंतचा पट्टा द्यावा लागंल."

हार गळ्यात पडला होता म्हणून असेल, मी क्षणभर फुलले. मग ध्यानात आलं. पट्टा तोच. मागणारा तोच. फक्त देवाच्या जागी आता माझाच इतिहास उभा केला होता.

"गोळा तिथं निघालाच न्हाई," मी म्हणाले. "निघाला काकांच्या रानात, ट्रॅक्टर तिथंच फिरला. चौथरा तिथं बांधा की."

शेजारी आभाळाकडं बघायला लागला. सरपंच मायकडं वळले. "मावशी, जरा मोठ्या मनानं विचार करा. शूरवीर मेलेत हितं."

माय सूप खाली ठेवून उठली. "मेले ते बिचारे. कुणाकुणाची लेकरं होती, मला वाईट वाटतं. पण मेलेल्यायला जागा देऊन जित्यायनी पाणी कुठून आणायचं? देवाला न्हाई दिली, ह्यांनाबी देणार न्हाई."

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या. तुम्ही तरी समजवा."

मी गळ्यातला हार काढून सरपंचांच्या हातात ठेवला. म्हटलं, "गोळा शाळेत न्या, पोरांना दाखवा, मी येऊन शिकवीन. पण रान मायचं आहे."

मंडळी बडबडत गेली. मायनं सुपातलं तुरीचं बियाणं माझ्या ओंजळीत ओतलं. त्याच दुपारी आम्ही दोघींनी, विहिरीची पायवाट सोडून, त्या पट्ट्यात पार बांधाच्या कडेपर्यंत तूर टोकली.