स्टाफ बसमधली समजूतदार माणसं

त्या संध्याकाळी माझ्या दादाला परत कोणी बोलावलं?

एवढा एकच प्रश्न मी चंदीगडमध्ये सगळ्यांना विचारला. डॉक्टरांना, सिस्टरना, क्लार्कना, गेटवरच्या चौकीदाराला. उत्तर कोणीच दिलं नाही. कोणी सल्ला दिला, कोणी चहा पाजला, कोणी पाठीवर थाप मारली. असं करता करता माझ्याकडे किस्से मात्र एवढे जमले, की मित्रांत बसलो की एकातून दुसरा निघतो. तुम्ही हसा. मला अजून रागच येतो!

आम्ही वर्ध्याकडचे. दादा फौजेत ड्रायव्हर होता, शेवटचं पोस्टिंग चंदीगडजवळच्या चंडीमंदिर छावणीत. फौजेतून सुटल्यावर चंदीगडच्याच एका मोठ्या हॉस्पिटलात स्टाफ बसवर लागला. मी सातवी नापास, गावात उनाडक्या करायचो, म्हणून मलाही बोलावून घेतलं आणि गाडी शिकवली. पंजाबातले ते दहशतवादाचे दिवस फार वाईट. आज कर्फ्यू, उद्या बंद, परवा कुठेतरी बॉम्ब. पण हॉस्पिटलला कुलूप लावता येत नाही. दादा पोलिसांना पास दाखवत मोहाली, पंचकुला, सगळे सेक्टर फिरायचा. माणसं घरून आणायचा, घरी सोडायचा.

त्या संध्याकाळी सगळ्यांना सोडून तो क्वार्टरवर आला, बूट काढले. तेवढ्यात चौकीदार धावत आला. "फोन आया है. अपने स्टाफ का कोई फँसा है, गाड़ी लेकर जाओ." दादाने काढलेले बूट पुन्हा घातले. वाटेत एका चौकात गोळीबार झाला आणि दादा स्टिअरिंगवरच गेला.

चौकीदाराला विचारलं, फोन कोणाचा होता?

"अपना ही कोई था. अब छोड़ भी दे यार!"

*

आमची बस म्हातारी होती. चालू करताना सायलेन्सरमधून असा धडाका निघायचा, की त्या दिवसांत कोणालाही बॉम्बच वाटावा. पहिल्या दिवशी अर्धी बस सीटखाली! एका सिस्टरला तर रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी दादाने किल्ली फिरवण्याआधी मागे वळून आरोळी दिली, "कान संभालो जी, बुड्ढा खाँसेगा!"

सगळे हसले. मग धडाका झाला. कोणी दचकलं नाही. तेव्हापासून तो रोजचा रिवाजच झाला. दादाने आरोळी दिली, की मेट्रनबाई ओरडायच्या, "अरे, कोई बुड्ढे को दवा लिख दो!" आणि मागून एखादा डॉक्टर म्हणायचा, "दिन में तीन बार!"

बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नसायचं आणि आमच्या बसमध्ये हशा!

*

कर्फ्यूतच एकदा मोहालीला एक नवे डॉक्टर चढले. तरुण सरदारजी, हातात चादरीत बांधलेलं भलंमोठं गाठोडं. कोणी सरकून जागा देईना. हिशेबखात्यातले बत्राबाबू दादाच्या कानाशी लागले, "गठरी में क्या है, पूछो ना!"

दादाने विचारलं नाही. आपला जेवणाचा डबा त्या डॉक्टरांपुढे धरला. "डॉक्टरसाहब, आगे बैठो मेरे पास. ज़रा डब्बा पकड़ो, दोनों हाथ से. ब्रेक लगा तो दाल गिर जाएगी."

आता दोन्ही हात डब्याला, मग गाठोडं कुठं ठेवणार? डॉक्टरांनी ते सरळ बत्राबाबूंच्या मांडीवर ठेवलं! बत्राबाबूंचा चेहरा बघण्यासारखा झाला. भीत भीत त्यांनी एक बोट दाबून पाहिलं. आईने भरून दिलेली रजई होती ती.

हॉस्पिटल आलं तेव्हा बत्राबाबू त्याच गाठोड्यावर डोकं टेकून घोरत होते!

*

दादा गेल्यावर हॉस्पिटलात शोकसभा झाली. वहिनी पहिल्या रांगेत. मोठ्या साहेबांनी खिशातून कागद काढला आणि वाचायला लागले. प्रामाणिक सेवा, वक्तशीर माणूस, सगळं ठीक. शेवटी म्हणाले, "हम कामना करते हैं कि इनका आगे का जीवन परिवार के साथ सुख-शांति से बीते."

कोणाच्या तरी रिटायरमेंटचं भाषण उचलून आणलं होतं! आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या हो! सवयीने!

मी उठलो, कागद हिसकावला, फाडला. चार जणांनी मला धरलं. साहेब चष्मा पुसत शेजारच्याला म्हणाले, "लड़का इमोशनल है."

*

मराठी मंडळातल्या जोशीकाकू भेटायला आल्या. काका युनिव्हर्सिटीत प्रोफेसर, काकू स्वतः शाळेत शिकवायच्या. वहिनीचा हात हातात घेऊन खूप रडल्या. मला म्हणाल्या, "तू धीराने घे रे बाळा. आता तूच मोठा." मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, अगदी बरं वाटलं.

दारात चपला घालता घालता काकू थांबल्या. "अरे, गणपतीची मूर्ती दरवर्षी दिल्लीहून दादाच आणायचा ना? मग यंदा रे कसं करायचं?"

"यंदा गणपतीलाच विचारा, काकू!"

सोबत आलेला त्यांचा छोटा मुलगा त्यांची ओढणी ओढत म्हणाला, "मम्मी, चलो ना. भैया रोने वाले हैं."

एवढ्या घरात कळलं ते त्या पोरालाच!

*

वहिनी जेवत नव्हती. येणारा जाणारा प्रत्येक जण सांगायचा, "थोडं खाऊन घ्या," आणि ती मान भिंतीकडे फिरवायची.

मग ते रजईवाले डॉक्टर आले. दारात बूट काढून जमिनीवर बसले. दादाचं नाव नाही, धीर नाही, काही नाही. सरळ म्हणाले, "भाभीजी, ड्यूटी से सीधा आया हूँ. भूख लगी है. रोटी मिलेगी?"

मला असा संताप आला, की याला आता उचलून बाहेर फेकतो! पण वहिनी उठली. पदर खोचला, कणीक मळली, पोळ्या लाटल्या.

डॉक्टर म्हणाले, "अकेले नहीं खाता जी."

तिने आपलं ताट वाढून घेतलं.

*

मला दादाच्या जागी टेम्पररी लावलं. त्याच बसवर, त्याच माणसांना आणायला-सोडायला. पहिल्या सकाळी सगळे बसले आणि माझ्याकडे बघू लागले. आरोळीची वाट बघत होते. मी मागे वळलो आणि विचारलं, "उस शाम मेरे भाई को वापस किसने बुलाया था?"

सगळ्यांच्या माना खाली.

मी किल्ली फिरवली. धडाम! मेट्रनबाईंची पर्स उडाली.

मग रोज तेच. सकाळी प्रश्न, धडाका. संध्याकाळी प्रश्न, धडाका. बत्राबाबू एक दिवस म्हणाले, "तेरा भाई समझदार था, छोटे. लोगों का मन जानता था."

"इसीलिए तो गया, बत्राबाबू! आपके जैसा होता तो कह देता, मेरी ड्यूटी खत्म!"

*

तक्रार वरपर्यंत गेली. साहेबांनी दिल्लीहून एक मॅडम बोलावल्या. दुसऱ्याचं मन कसं ओळखावं, त्याचं ट्रेनिंग! हॉल भरलेला. मॅडमनी डोळे मिटायला लावले. "सोचिए, आपके पासवाले के दिल में क्या चल रहा है." सगळ्यांनी मिटले. मीही मिटले.

मॅडमनी मलाच उभं केलं. "आपको क्या चाहिए? खुलकर बोलिए, यहाँ सब आपके अपने हैं."

मी खुलून बोललो. माझा रोजचाच प्रश्न विचारला.

मॅडम साहेबांकडे बघायला लागल्या, साहेब दरवाजाकडे.

"चाय आ गई है जी," साहेब म्हणाले.

चहा आलाच नव्हता!

*

पुढे वहिनीने गावी जायचं ठरवलं आणि मीही नोकरी सोडली. शेवटच्या संध्याकाळी बस भरली. उद्यापासून मी नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बत्राबाबू, मेट्रनबाई, रजईवाले डॉक्टर, सगळे आपापल्या जागी. बाहेर कर्फ्यू लागायची वेळ झालेली.

मी सीटवर बसलो. आरशात पाहिलं. मी अजून वळलोही नव्हतो, तर सगळ्यांच्या माना आधीच खाली गेल्या होत्या.

मी किल्लीला हात लावला आणि मागे वळलो.

"कान संभालो जी, बुड्ढा खाँसेगा!"