बेसमेंटमधले होतकरू

आमच्या साडूंइतका भविष्यावर जीव टाकणारा माणूस अख्ख्या कॅनडात दुसरा नसेल. बाकीचे लोक यशाच्या मागे धावतात. आमचे साडू यश यायच्या दोन वर्षं आधीच त्याच्या वाटेवर जाऊन उभे राहत, आणि यश बहुतेक वेळा पलीकडच्या गल्लीतून निघून जाई. साडूंचं त्याने काही बिघडत नसे. ते मफलर सारखा करत आणि म्हणत, "येईल भाऊ, येईल. थोडं लेट होऊन राहिलं, एवढंच."

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे नागपूरचे. ओटावाच्या कडेला, कानाटात, टेलिफोनच्या यंत्रांचं सॉफ्टवेअर लिहायचे. दारू नाही, सिगरेट नाही, पत्ते नाहीत. व्यसन एकच, बर्फावरच्या हॉकीतल्या होतकरू पोरांची कार्डं. इथे सोळा ते वीस वर्षांची पोरं गावोगावच्या ज्युनिअर संघांतून खेळतात. दर उन्हाळ्यात मोठे व्यावसायिक संघ त्यांतली मोजकी पोरं निवडून घेतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. नाव काढलेल्या खेळाडूंची कार्डं कोणीही जमवतो. साडू जमवत ती ज्यांना अजून धड मिशी फुटलेली नाही अशांची. पोरगं पुढे मोठं झालं की कार्डाचं सोनं होतं, हा त्यांचा सिद्धांत. पोरं मोठी व्हायची, नाही असं नाही. पण कोणी टायरच्या दुकानात मोठं व्हायचं, कोणी बापाच्या शेतावर, कोणी विम्याच्या कचेरीत. त्यांची कार्डं मात्र साडूंच्या बेसमेंटमध्ये रद्दीच राहायची.

आम्ही पुण्याचे. दुसऱ्याच्या मूर्खपणावर मत देणं हे आमच्याकडे कर्तव्यात मोडतं. मी एकदा स्पष्टच म्हणालो, "अहो, जे झालेत त्यांची कार्डं घ्या ना! जे व्हायचेत त्यांची कशाला?"

"झालेल्याला तं कोणीबी घेते," साडू म्हणाले. "मला सांगा, कॅनडानं तुम्हाला काय पाहून घेतलं? वय पाहिलं, शिक्षण पाहिलं, इंग्रजी पाहिलं. गुण जुळवले अन् घेतलं. तेव्हा तुम्ही इथे कोण होते? कोरं कार्डच ना!"

यावर मी चहा मागितला. गुण जुळवून घेतल्यावर टेलिकॉमची मंदी आली, तेव्हा कानाटातल्या आम्हा निम्म्या स्थळांना घरी बसवलं होतं, हे मला नंतर आठवलं. साडूही त्यातच होते. त्या हिवाळ्यात सकाळी ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसला की दिवसभर करायला काही नसे, म्हणून ते ज्युनिअर हॉकीच्या मॅचला जाऊन बसू लागले. एका मॅचला दारात कार्डांचं पाकीट फुकट वाटत होते. नोकरी पुढच्या वर्षी परत मिळाली, कार्डांचा नाद काही सुटला नाही.

आता खरी गंमत ऐका. या कार्डाच्या पुढच्या बाजूला पोराचा फोटो असतो आणि मागे छापलेलं असतं: जन्मतारीख, जन्मगाव, उंची, वजन. लोक हे वाचून सोडून देतात. पण ज्या माणसाने बहिणींच्या लग्नांसाठी ढिगाने स्थळं चाळली, त्याच्या हातात हा मजकूर पडला तर तो काय करील? साडूंनी बेसमेंटच्या कॉम्प्युटरवर पत्रिकेचं सॉफ्टवेअर घातलं आणि एकेका पोराची कुंडली मांडायला घेतली. कोणाचा मंगळ बलवान, कोणाला साडेसाती, कोणाचा गुरू नीच. एका उंचापुऱ्या फॉरवर्डची कार्डं त्यांनी केवळ शनी वाईट म्हणून परत केली. "पोरगा चांगला आहे, पण टिकणार नाही," म्हणाले. तो पुढे चांगला घसघशीत टिकला. साडू म्हणाले, जन्मगाव चुकीचं छापलं असेल. सस्कॅचवान प्रांतावर त्यांचा विशेष जीव, कारण तिथे म्हणे उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत, त्यामुळे तिथल्या पत्रिका शुद्ध निघतात.

कार्डं हाताळायचं सोवळं वेगळंच. हात साबणाने धुवायचे, कोरडे करायचे, मगच प्लॅस्टिकच्या पाकिटाला बोट लावायचं. बेसमेंटमध्ये खाणं सक्त बंद. एका दिवाळीला कोणा पाहुण्याने चिवड्याच्या हाताने एका डिफेन्समनचं कार्ड उचललं आणि त्याच्या गालाला हळद लागली. साडू दोन दिवस जेवले नाहीत म्हणतात. आणि नशीब बघा, त्या साली साडूंच्या साऱ्या गोतावळ्यातून ड्राफ्टमध्ये उचलला गेला तो नेमका हाच. "पोराला हळद लागली ना, मग उजवणारच," असं म्हणून साडू सरळ स्वयंपाकघरात हळदीचा डबा शोधायला गेले. ताईंनी डबा वरच्या फळीवर नेऊन ठेवला, म्हणून बाकीची पोरं गोरी राहिली.

ताई म्हणजे माझी मेहुणी. शांत, सोशीक आणि ठाम. पण माझ्या सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी यायच्या ठरल्या तेव्हा प्रश्न उभा राहिला, आईला ठेवायचं कुठे? वरच्या खोल्यांत मुली, खाली बेसमेंटमध्ये होतकरू. माझा कॉन्डो एका खोलीचा, त्यामुळे या प्रश्नात मीही जातीने लक्ष घातलं. ताईंनी फैसला सुनावला. "हे बघा, यंदा तुमचा तो गोलकीपर ड्राफ्टमध्ये गेला तर मी आईला दिवाणखान्यात झोपवीन आणि पुन्हा या कार्डांबद्दल चकार शब्द काढणार नाही. नाही गेला, तर सगळी कार्डं जुन्या सामानाबरोबर गराज सेलला. मंजूर?"

"मंजूर!" साडू म्हणाले. हरण्याची शंकाच नव्हती ना!

कारण हा गोलकीपर म्हणजे साडूंच्या आयुष्यातला सर्वोत्तम मुलगा. सस्कॅचवानमधल्या एका खेड्यातला, शेतकऱ्याचा. बाहेरगावच्या खेळाडूंना इथली कुटुंबं आपल्या घरी ठेवून घेतात, तसा हा साडूंच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एका कुटुंबात राहायचा. साडूंनी त्याची दिसतील तेवढी कार्डं घेतली होती, एक मोठं खोकं भरून, आत दुसऱ्या कोणाला जागा नव्हती. ग्रह उत्तम होते, पण लग्नरास काढायला जन्मवेळ हवी, आणि ती कार्डावर छापत नाहीत. तो छापखान्याचा मोठाच गलथानपणा आहे असं साडूंचं मत होतं.

एका थंडीत त्या मुलाची आई मॅच बघायला आली. मी साडूंबरोबर होतो. कॉफीच्या रांगेत ती पुढे आहे असं कळताच साडूंनी टोपी काढली, नमस्कार केला आणि विचारलं, "मॅडम, व्हॉट टाइम वॉज युअर सन बॉर्न? एक्झॅक्टली?" मी एका खांबामागे गेलो. दुसऱ्या कुठल्या देशात पोलिसांना बोलावलं असतं. पण ती बाई सस्कॅचवानची. तिने कपाळाला आठ्या घालून मनापासून आठवलं आणि म्हणाली, "मिनिट नाही सांगता येणार हो, पण सपरची वेळ होती. मला जेवणसुद्धा मिळालं नाही त्या दिवशी!"

सपर म्हणजे रात्रीचं जेवण. साडू गाडी चालवत घरी आले ते पाण्यावर तरंगल्यासारखे. रात्रीचं जेवण साडेआठला, जन्म साडेआठचा, लग्न आलं सिंह! "जाळीपुढे सिंह बसून आहे भाऊ," ते मला फोनवर म्हणाले. "कोणाची हिंमत आहे गोल टाकायची?"

ड्राफ्ट जूनमध्ये टीव्हीवर दाखवतात. ताईंनी मिसळ केली होती. पहिल्या दिवशी नाव आलं नाही. "सिंह घाई करत नाही," साडू म्हणाले. दुसऱ्या दिवशी एकामागून एक नावं पुकारली जाऊ लागली. फिनलंडचे गोलकीपर गेले, रशियाचे गेले, साडूंनी नापास केलेला एक राहू-केतूवालाही गेला. शेवटी शेवटी साडू उभे राहूनच बघत होते. ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबल्या होत्या, आणि जिंकत आल्या होत्या तरी त्यांचा चेहरा उतरला होता. मला सासूबाईंचा प्रश्न सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. शेवटचं नाव पुकारून झाल्यावर साडूंनी टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "वाढा जेवायला."

पुढच्या शनिवारी गराज सेल लागला. कोणी आठवण करून द्यायच्या आतच साडूंनी स्वतः सगळी खोकी वर आणून ड्राइव्हवेमध्ये मांडली. जुना मायक्रोवेव्ह, मुलींच्या लहानपणच्या स्केट्स, एक टेबललँप आणि अनेक वर्षांचे होतकरू. शेजारच्या एका गृहस्थाने मूठभर सेंटर आणि विंगर उचलले. नातवाच्या सायकलच्या चाकात लावायचे होते म्हणे, फर्रर्र आवाज येतो. साडूंनी ते स्वतःच्या हाताने पिशवीत घालून दिले. मला बघवेना.

अकराच्या सुमाराला एक उंच पोरगा आला आणि टेबललँपचं बटण चालू-बंद करून बघू लागला. चेहरा ओळखीचा वाटला. वाटणारच! बाजूच्या खोक्यात त्याच चेहऱ्याची चवड लागली होती. साडूंनी एक पाऊल पुढे टाकलं, खोकं झाकायला टॉवेलही उचलला, पण उशीर झाला होता. पोराने खोक्यात बघितलं. वरचं कार्ड उचललं, त्याखालचं उचललं, आणखी खाली हात घातला. सगळीकडे तोच.

"हे कोणाचं?" त्याने हळूच विचारलं.

"माझ्या नवऱ्याचं," ताई म्हणाल्या.

"सगळी माझी? का पण?"

साडू आयुष्यात एवढं अवघड इंग्रजी कधी बोलले नसतील. ग्रह, राशी, सिंह लग्न, सगळं सांगितलं. पोरगा हसला नाही. तो सप्टेंबरात हॅमिल्टनला युनिव्हर्सिटीत जाणार होता, फिजिओथेरपीकडे वळायचं मनात होतं, त्यासाठीच लँप हवा होता. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "म्हणजे माझं होणार असं ताऱ्यांनी सांगितलं होतं? मग तारे चुकले, सर."

साडू टॉवेलच्या घड्या घालू लागले. असा प्रसंग आला की आमच्याकडच्या बायका जे करतात तेच ताईंनी केलं. म्हणाल्या, "संध्याकाळी जेवायला ये आमच्याकडे. साडेआठला."

"साडेआठला सपर?" पोराला आता मात्र हसू आलं. "आमच्याकडे तर तोवर सगळे झोपायच्या तयारीत असतात. आमचं सपर पाच वाजता. गाईंचं दूध काढायचं असतं ना!"

साडूंच्या हातातला टॉवेल खाली पडला.

"पाच वाजता?"

"पहिल्यापासून."

"म्हणजे तू साडेआठचा नाहीसच!" साडू मराठीतच ओरडले आणि मग त्या पोराचे दोन्ही दंड धरून इंग्रजीत म्हणाले, "तारे नाही चुकले! तू पण नाही चुकला! मी चुकलो! मी दुसऱ्याच पोराची पत्रिका पाहून राहिलो होतो!" एखाद्या माणसाला आपली चूक सापडल्याचा एवढा आनंद झालेला मी पुन्हा पाहिला नाही. पोरगाही मोठ्याने हसायला लागला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले, ते त्याने बाहीला पुसले.

लँपचे पैसे ताईंनी घेतले नाहीत. पोराने एका कार्डावर सही केली. ड्राफ्टनंतर कोणी सही मागितलीच नव्हती, असं म्हणाला. तो गेल्यावर ताईंनी ते खोकं उचललं आणि सरळ घरात नेलं. सासूबाई आल्या तेव्हा बेसमेंट लख्ख रिकामं होतं, फक्त कोपऱ्यात ते एक खोकं, त्यावर स्वच्छ पंचा आणि पंच्यावर सासूबाईंचा देव. सहा महिने त्या पोराच्या डोक्यावर रोज फुलं वाहिली गेली.

पाच वाजताची पत्रिका साडूंनी त्याच रात्री मांडली. काय निघालं ते मी कितीदा विचारलं. "चांगली आहे," एवढंच म्हणायचे. त्यांनी पुन्हा कार्डं घेतली नाहीत. मॅचला जायचे, पण नुसते बसायचे आणि गोल झाला की दोन्ही बाजूंसाठी टाळ्या वाजवायचे. माणूस शहाणा झाला म्हणून मी खूश व्हायला हवं होतं, पण खरं सांगतो, मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

परवाच्या नाताळात हॅमिल्टनहून त्यांना एक पाकीट आलं. तो गोलकीपर आता तिथल्या एका हॉस्पिटलात लोकांना पुन्हा चालायला शिकवतो. आत एका तान्ह्या बाळाचा फोटो होता. मागे त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: जन्मतारीख, जन्मगाव, उंची, वजन. आणि खाली जन्मवेळ, अगदी मिनिटासकट. पुढे कंसात, 'सपर झाल्यावर.'

साडू बराच वेळ तो फोटो उलटा-सुलटा करत होते. मग उठले, साबणाने हात धुतले, कोरडे केले आणि फोटो प्लॅस्टिकच्या पाकिटात घातला. मी म्हटलं, "मांडा की आता! सगळी माहिती आहे."

त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

"नाही भाऊ," म्हणाले. "लहान आहे अजून. खेळू द्या त्याला."