चित्राचा कापलेला कोपरा

भिवंडीला कोणी हौसेनं जात नाही, मीही गेले नसते. मी कोल्हापूरची चित्रकलेची शिक्षिका. मुंबईत एका रुमानियन चित्रकर्तीच्या प्रदर्शनासाठी इंग्रजी-मराठी दुभाषी म्हणून आले होते. इलिंकाबाईंची बाकीची चित्रं नीट पोचली, पण नळकांड्यात गुंडाळलेलं त्यांचं पहिलं चित्र भिवंडीजवळ अंजूरच्या एका गोदामात अडकलं. ते मिळालं नाही तर प्रदर्शन रद्द, असं बाईंनी निक्षून सांगितलं. सत्तरी उलटलेली बाई, पण हट्ट लहान मुलीचा.

वाटेत ट्रकांच्या गर्दीत गाडी अडकली आणि बाईंनी मला आपलं चरित्र ऐकवलं. डोंगरातलं खेडं, राजधानीतलं शिक्षण, मग पोटासाठी पुढाऱ्यांची भिंतभर चित्रं. पुढारी दरवर्षी आणखी तरुण दिसला पाहिजे, असा वरून हुकूम असे. स्वतःची चित्रं मात्र स्वयंपाकघरात, दार लावून. साम्यवादी राजवट पडली तेव्हा कुठे जगाला त्यांचं नाव कळलं. हे सगळं त्या केळं खात, अगदी मजेत सांगत होत्या.

गोदामाचे मालक काशिनाथशेठ. पूर्वी इथे त्यांची भातशेती होती, आता गोदामं आहेत आणि गावात लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना. चित्राचा विषय काढला की ते आम्हाला जेवायला वाढत. तांदळाची भाकरी, कोळंबीचं कालवण, पुन्हा भाकरी. बाईंना आपल्या देशातली मामालिगा (मक्याच्या पिठाचा शिजवलेला गोळा) आठवली, त्या बोटं चाटत होत्या. मला मात्र दाट संशय आला. इतका पाहुणचार सरळ माणूस करत नाही.

शेवटी शेठनी घाम पुसला. "ताई, नळकांड्यातनं कापड आलं म्हंजे आमच्याकडं ते सॅम्पलच. पुढनं सगळा रंग सांडलेला, म्हटलं पार्टीनं खराब तुकडा पाठवला असंल. लूमवरच्या मास्तरनं मागनं बघितलं, कोपरा कापला, धागं मोजलं. आता तसा ताका पण तयार हाय."

जगभर नावाजलेल्या चित्राला रंग सांडलेला म्हणणारा समीक्षक मी प्रथमच पाहत होते. भाषांतर करताना मी 'कापला' हा शब्द गिळून टाकला.

कारखान्यात लूमच्या खडखडाटात तो शब्द उघडकीला आलाच. कापलेला कोपरा नेमका बाईंच्या सहीचा होता, आणि तो पुठ्ठ्यावर डिंकानं चिकटवून भिंतीवर टांगला होता. मला रडू यायचं बाकी होतं. शेठ म्हणाले, बाईंनी पुन्हा सही करावी, पेन आहे. मास्तर उत्तरेकडचा; आपल्या कामात खोट निघू नये एवढीच त्याला चिंता. त्यानं ताका उलगडला. "मॅडम, सॅम्पलमधे जागोजागी दोन धागे जोडीनं गेलेत. तो फॉल्टपण सेम काढला. न्हाय तर पार्टी माल वापस करते."

बाई कापडावर वाकल्या. बोट जोडधाग्यावर आलं आणि थांबलं. मग त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "ही माझ्या आईची चूक. तिला डोळ्यांनी कमी दिसायचं. कॅनव्हास मिळत नव्हता, म्हणून तिनं हे कापड घरच्या मागावर विणून दिलं. इतकी वर्षं लोक पुढूनच बघत राहिले. मीसुद्धा." मी ते मराठीत सांगितलं, आणि शेठनी न सांगता पंखा बाईंकडे वळवला.

येताना चित्र पुन्हा नळकांड्यात होतं आणि ताका बाईंच्या मांडीवर. शेठनी सोबत भाकऱ्याही बांधून दिल्या, आणि आम्ही त्या ट्रकांच्या गर्दीतच संपवल्या. इतकी फजिती होऊनही मी त्या दिवशी खुशीत होते, हे कबूल करते.

प्रदर्शन ठरल्याप्रमाणे झालं. ते चित्र बाईंनी हट्टानं उलटं, पाठ बाहेर करून टांगलं. एक जाणकार गृहस्थ त्यापुढे उभे राहून रंगांच्या त्यागाविषयी बराच वेळ बोलले, मी त्याचं इमानदारीनं भाषांतर केलं. बाई हसून ऐकत राहिल्या. शेजारच्या पाटीवर चित्रकाराच्या नावाच्या जागी त्यांनी स्वतःच्या हातानं आईचं नाव लिहिलं होतं.