क्लोरीन कुलपात गेला

पाणी तपासणी केंद्रातले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. न धुतलेल्या टाकीच्या तळाशी गाळ बसतो, तसे ते आपोआप बसतात. बंगलोरहून रसायनशास्त्र शिकून मी चामोर्शीला परत आले, आमच्या या छोट्या केंद्रात लागले, त्याला फार काळ झालेला नाही. तरी गाळ गुडघ्यापर्यंत आलाय!

*

पहिल्याच दिवशी कपाट उघडलं तर एका बाटलीवर ‘म्युरिएटिक ॲसिड’. म्हणजे आपलं हायड्रोक्लोरिक. क्लोरीन हे मूलद्रव्य आहे, हे कुणाच्या गावीही नव्हतं तेव्हाचं ते नाव! मी नवं लेबल चिकटवलं.

दुपारी आमचे साहेब आले. “हे कोणं केलं?”

“मी, सर. ते नाव आता कुणी वापरत नाही.”

“तुम्ही नाई वापरत! तपासणीवाले जुनंच पाह्यतात. काढा ते.”

काढलं. संध्याकाळी बाबांच्या धानासाठी खत आणायला गेले, तर गोणीवर ‘म्युरिएट ऑफ पोटॅश’! पोटॅशियम क्लोराइडचं तेच जुनाट नाव. माझा पारा चढला. दुकानदाराला विचारलं, “भाऊ, म्युरिएट म्हणजे काय?”

“लाल पोटॅश.”

“पण म्युरिएट म्हणजे?”

“मॅडम, तुमाले गोणी पाह्यजे का नाव पाह्यजे?”

*

गावोगावच्या विहिरीत पावडर टाकणाऱ्यांचं प्रशिक्षण होतं. पावडरला सगळे ‘टीसीएल’ म्हणतात. ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम, म्हणजे चुन्यात मुरवलेला क्लोरीन, आपली ब्लीचिंग पावडर. मी म्हटलं, यांना नुसती मापं नको, गोष्टही सांगू.

सांगितलं, की क्लोरीन हा हिरवट वायू पहिल्यांदा एका औषधवाल्याला सापडला, आणि त्याला वाटलं, हे मिठाचं आम्लच, म्हणजे म्युरिएटिक, फक्त त्यातलं ज्वलनतत्त्व, जे जळणाऱ्या प्रत्येक वस्तूत असतं असं तेव्हा मानत, ते निघून गेलेलं. मग एका फार मोठ्या शास्त्रज्ञाने ठरवलं, की प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच. म्हणून या वायूतही ऑक्सिजन आहे असं सगळे धरून चालले! लोकांनी तो लालभडक कोळशावरून नेऊन पाहिला, कारण तापलेला कोळसा ऑक्सिजन ओढून घेतो. ऑक्सिजन काही निघेना. तरी कित्येक वर्षं मोठ्या माणसाला चूक म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही.

मागे खुर्चीत बसलेले साहेब म्हणाले, “बरोबरच आहे! एवढा मोठा माणूस कायले चुकन? कोळसाच खराब असन!”

सगळा वर्ग हसला. मला मात्र रात्रभर संताप आवरेना. कारण साहेब विनोद करत नव्हते.

*

जंगलाकडच्या एका गावात जनाबाई विहिरीत पावडर टाकते. तिने फोन केला, “बाई, पोराईले हगवण लागली. मी तर रोज पावडर टाकून राह्यली!”

मी साहेबांना घेऊन गेले. विहिरीचं पाणी ट्यूबमध्ये घेऊन त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले. क्लोरीन असला तर पाणी पिवळं होतं. आमची ट्यूब पांढरीफटक!

साहेब म्हणाले, “तुमचं औषधच जुनं असन.”

मी गावातली पावडरची गोणी बघायला मागितली. आमच्याच केंद्राने दिलेली गोणी, तोंड उघडं, पत्र्याच्या कपाटात कधीची पडलेली. कपाटाचं कुलूप इतकं गंजलं होतं की दगडाने ठोकून उघडावं लागलं.

साहेब खूश! “पाहा! कुलूप खाल्लं तिनं. पावडर किती तेज आहे!”

मी ओरडलेच, “सर, सगळा क्लोरीन कुलपाने खाल्ला! विहिरीत नुसता चुना जातोय!”

साहेबांनी शांतपणे तोडगा काढला. “असं करा, सँपल दवाखान्याजवळच्या नळाचं घ्या. तिथं पिवळं येते.”

जनाबाई म्हणाली, “मंग साहेब, पोरं बी दवाखान्याजवळचीच मोजा. तिथं कोनी हागून नाई राह्यलं!”

*

मी भांडभांडून नवी गोणी मागवली. सीलबंद, ताजी. साहेबांनी ती आपल्या टेबलाखाली सरकवली.

“पुढं मोठे साहेब दौऱ्यावर येऊन राह्यले. त्या दिवशीच विहिरीत टाकू. ट्यूब कशी पिवळीधमक दिसली पाह्यजे!”

“आणि तोवर?”

“तोवर पाणी उकळून प्या म्हणा.”

गोणी कुठे ठेवलीय, कधी फोडणार, हे सगळं जनाबाईला फोनवर मीच कळवलं. ती नुसतं “बरं” म्हणाली.

बाजाराच्या दिवशी ती केंद्रात आली. डोक्यावर लुगड्याची चुंबळ. नमस्कार नाही, काही नाही, सरळ साहेबांच्या टेबलापाशी.

“साहेब, पाय सरकवा.”

“काऊन?”

तोवर तिने वाकून गोणी अर्धी बाहेर ओढली होती.

“अवो बाई! मोठे साहेब आल्याशिवाय ते फोडाचं नाई!”

“मोठ्या साहेबाले हगवण लागली का?”

“नाई.”

“मंग मी त्याइची वाट काऊन पाहू?”

गोणी जड होती. एकटीने डोक्यावर जाईना. तिने माझ्याकडे पाहिलं.

साहेब खुर्चीतून ओरडले, “मॅडम, अडवा तिले!”

मी उठले आणि गोणीचं दुसरं टोक धरलं.