बेरीज न होणारा आकडा

आमच्या नव्या तालुक्याच्या कचेरीत कॉम्प्युटरवर बसणारा तो गडी कुठलाही आकडा दिसला की बशीतला चहा फुंकता फुंकता थांबायचा आणि विचारायचा, "ह्याची बेरीज करायची हाय का?" मग तो एसटीचा नंबर असो की पिनकोड. मला वैताग यायचा.

दुष्काळात टँकरची यादी चढवताना एका वाडीची नोंद अडली. शेजारच्या गावाचा जुना क्रमांक ०४५, वाडीचा नवा ४५. रकाना संख्येचा होता, त्यामुळं गावाच्या क्रमांकाचं सुरुवातीचं शून्य गळालं आणि वाडी भरताच मशीन म्हणालं, हे गाव आधीच आहे. साहेब म्हणाले, "वाडी राहू द्या, पुढचं गाव घ्या."

"न्हाई साहेब. गावाच्या नंबराची बेरीज कोण करतंय? रकाना अक्षरांचा पायजे, मग शून्य गळत न्हाई."

त्यानं रकाना बदलला आणि सगळी गावं पुन्हा हातानं भरली. जेवायलाही उठला नाही.

तिसऱ्या दिवशी वाडीचा एक माणूस दारातूनच ओरडला, "पाणी आलं हो!"

सगळे उठले. हा मात्र कीबोर्डवर वाकला. "किती खेपा?"

"दोन."

"हां," तो पहिल्यांदाच हसला, "ह्याची बेरीज करायची!"